घराजवळचं पाणी कसं निवडाल?

शनिवार-रविवार जवळ आला की घरातल्या बाईपुढे दोन प्रश्न उभे राहतात. मुलांना न्यायचं कुठे, आणि बरोबर खायला काय करायचं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या हातात असतं. पहिल्याचं मात्र शोधावं लागतं. इकडे अमेरिकेत, आमच्या ह्यूस्टनला तर जरा जास्तच शोधावं लागतं. कारण या गावाला ना डोंगर, ना किल्ला. टेक्सासचा हा भाग म्हणजे पोळपाटासारखा सपाट. मग सुट्टीच्या दिवशी माणसं जातात ती दुकानांत. पैसे खर्च होतात, पाय दुखतात, आणि मुलं गेली तशीच कंटाळलेली परत येतात.

आम्ही गेल्या काही वर्षांपासून यावर एक उपाय काढला आहे. रविवारी सकाळी माझी मराठी शाळा असते, म्हणून महिन्यातल्या एखाद्या शनिवारी आम्ही गाडीच्या टपावर दोन कयाक बांधतो आणि घराजवळच्या पाण्यावर जातो. कयाक म्हणजे लांबट, अरुंद, हलकी होडी. एकाची किंवा दोघांची. एकच दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना पाती, असं तिचं वल्हं असतं. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, असं पाणी कापत जायचं. ताक घुसळण्यापेक्षा अवघड नाही, असं माझं मत आहे.

माहेरच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, ‘अगं, होडी कुठली घेतलीस? केवढ्याला पडली?’ मी त्यांना सांगते, होडीचं काय घेऊन बसलात! होडी भाड्यानं मिळते. खरी निवड करायची असते ती पाण्याची. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण जशी चार घरी चौकशी करतो ना, तशी पाण्याची करावी. रंगरूपावर भाळू नये. घरची माणसं कशी आहेत, राग किती लवकर येतो, आणि वेळ आली तर परत यायची वाट आहे का, हे आधी बघावं.

बायू म्हणजे काय?

इथे नद्या आहेत, तसेच ‘बायू’ आहेत. हा शब्द मूळचा चॉक्टॉ नावाच्या आदिवासींचा. लुइझियानातल्या फ्रेंच लोकांनी तो उचलला आणि पुढे सगळ्यांच्या तोंडी बसला. बायू म्हणजे सपाट प्रदेशातून संथ वाहणारा, वळणं घेत जाणारा प्रवाह. काही बायू गावातून येतात, पावसाचं पाणी वाहून नेतात. काही समुद्राजवळ असतात, तिथे आपल्या कोकणातल्या खाडीसारखी भरती-ओहोटी लागते. पाणी बहुधा चहाच्या रंगाचं आणि चाल गोगलगाईची. ह्यूस्टनला ‘बायूंचं शहर’च म्हणतात. १८३६ साली ॲलन नावाच्या दोन भावांनी हे गाव वसवलं, ते बफेलो बायू आणि व्हाइट ओक बायू यांच्या संगमापाशी. मी सांगलीची. हरिपूरचा कृष्णा-वारणेचा संगम पाहत वाढले. त्यामुळे संगमावर वसलेलं गाव म्हटल्यावर मला ते लगेच आपलंसं वाटलं.

पण खरं सांगायचं तर या बायूंची ओळख आम्हाला आधी झाली ती आनंदानं नव्हे, भीतीनं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी नावाचं चक्रीवादळ आलं. चार-पाच दिवसांत इथल्या काही भागांत चाळीस इंचांहून जास्त पाऊस पडला. म्हणजे सांगलीत अख्ख्या वर्षात पडतो त्याहून जास्त. बायू काठ सोडून घरांत शिरले. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं आणि ते उंबऱ्याच्या दोन पायऱ्या खाली थांबलं. पलीकडच्या गल्लीत मात्र छातीपर्यंत पाणी. रात्री होड्यांतून माणसं बाहेर काढत होते. आमची थोरली तेव्हा पाच वर्षांची होती. तिनं ते सगळं खिडकीतून पाहिलं. पुढे दोन वर्षं पाऊस सुरू झाला की ती उठून बसायची आणि विचारायची, ‘आई, बायू आता कुठपर्यंत आलाय?’

या प्रश्नाला ‘काही होत नाही गं, झोप’ हे उत्तर पुरेसं नव्हतं. कारण होत होतंच ना! मग मी तिला बायूची पातळी बघायला शिकवली. आमच्या सांगलीत पावसाळ्यात घराघरांत एकच चौकशी असते, ‘आयर्विन पुलाला किती फूट झालं?’ चाळीस फुटांला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे तिथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या महापुरात ती पातळी ५७ फुटांवर गेली होती. आकडा कळला म्हणून पूर काही थांबत नाही. पण भीतीला एक माप मिळतं. आणि माप असलेली भीती सांभाळता येते, बिनमापाची नाही.

इथेही तीच सोय आहे. सरकारच्या भूगर्भ खात्यानं, म्हणजे यूएस जिऑलॉजिकल सर्व्हेनं, नदीनाल्यांवर मापनकेंद्रं बसवली आहेत. दर पंधरा मिनिटांनी पातळी नोंदली जाते आणि फोनवर कुणालाही बघता येते. थोरली ते बघू लागली. हळूहळू तिचा प्रश्न बदलला. ‘कुठपर्यंत आलाय?’च्या जागी ‘आज किती आहे?’ आलं. आणि एके दिवशी, ‘आज कमी आहे, आपण जवळ जाऊन बघायचं का?’ होडीचा नाद तिथून लागला.

‘जवळ’ म्हणजे किती जवळ?

मुलांना घेऊन जायचं तर गाडीचा प्रवास दीड-दोन तासांपेक्षा जास्त नसावा. उत्तरेला लुइझियानाच्या सीमेवर कॅडो लेक आहे. पाण्यात उभे असलेले सायप्रसचे वृक्ष, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं राखाडी शेवाळ, चित्रात शोभावं असं. पण जायला चार तास, यायला चार तास. ती मुक्कामाची सहल झाली. आपल्याला हवी आहे ती सकाळी निघून दुपारच्या चहाला घरी परतता येईल अशी.

जागा शोधायला सोपी वाट म्हणजे टेक्सासच्या उद्यान खात्यानं आखलेले वल्हवण्याचे मार्ग. सत्तरहून अधिक आहेत. त्यांचे नकाशे मिळतात, होडी कुठे उतरवायची आणि कुठे बाहेर काढायची ते त्यात दाखवलेलं असतं. एक नियमही लक्षात ठेवायचा. इथे नदीचं पात्र सार्वजनिक, पण काठ बहुतेक ठिकाणी खासगी मालकीचे. वाटेल तिथे होडी लावून चटई पसरता येत नाही. म्हणून ‘चढायचं कुठे’ यापेक्षा ‘उतरायचं कुठे’ हे आधी ठरवावं. बायूचे काठ उंच आणि चिखलाचे असतात. दमलेली मुलं आणि पंचवीस किलोची होडी घेऊन तिथून वर चढणं म्हणजे शिक्षाच.

निघण्याआधी पाण्याला विचारायचे चार प्रश्न

पहिला प्रश्न, किती वाहतोस? मापनकेंद्रावर उंची मिळते, तसाच सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं हाही आकडा मिळतो. एका घनफुटात साधारण अठ्ठावीस लिटर, म्हणजे आपल्या दोन मोठ्या घागरी. आकडा १०० असला तर दर सेकंदाला दोनशे घागरी तुमच्या शेजारून जाताहेत असं समजा. नुसत्या आकड्यावरून मात्र काही ठरवू नये. त्या केंद्रावर एरवी किती असतो आणि आज तो चढतो आहे की उतरतो आहे, हे बघावं. चढतं पाणी असेल तर त्या दिवशी घरी राहावं. चढतं पाणी आपल्याबरोबर ओंडके, फांद्या, बाटल्या घेऊन येतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ऊन पडलं म्हणजे पाणी उतरलं असं नाही. बफेलो बायूच्या वरच्या अंगाला बार्कर आणि ॲडिक्स अशी दोन धरणं आहेत. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर शहर वाचवण्यासाठी ती चाळीसच्या दशकात बांधली. जोराचा पाऊस असताना ती पाणी अडवतात आणि पाऊस थांबल्यावर हळूहळू सोडतात. म्हणजे वर स्वच्छ निळं आभाळ आणि खाली बायू दुथडी, असं कित्येक दिवस चालू शकतं. सांगलीकरांना हे सांगायला नको. गावात ऊन असतं आणि कोयनेतून सोडलेल्या पाण्यानं कृष्णा घाटाच्या पायऱ्या चढत असते.

दुसरा प्रश्न, स्वच्छ आहेस का? शहरातल्या बायूत पावसाबरोबर रस्त्यांची, गटारांची, कुत्र्यामांजरांची घाण येते. तिच्याबरोबर जंतू येतात. म्हणून मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस तरी जायचं नाही. एरवीही त्या पाण्यात मुद्दाम डुंबायचं नाही, तोंडात घ्यायचं नाही. हातापायाला जखम असेल तर त्या दिवशी काठावर बसून डबा सांभाळायचा. उतरल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय खाऊला हात लावायचा नाही. आपल्याकडे बाहेरून आल्यावर हातपाय धुवायची सवय असते, ती इथे उपयोगी पडते.

तिसरा प्रश्न, मध्ये काय दडवलं आहेस? संथ पाण्यातला सगळ्यांत मोठा धोका म्हणजे पडलेलं झाड. फांद्यांतून पाणी निघून जातं, पण होडी आणि माणूस अडकतं. इंग्रजीत याला गाळणी अशा अर्थाचाच शब्द वापरतात, ‘स्ट्रेनर’. चहा गाळून जातो आणि पत्ती राहते, तसं. आपण पत्ती व्हायचं नाही! लांबून झाड दिसलं की दुसऱ्या बाजूनं जायचं. वाट नसेल तर काठाला लागून होडी उचलून न्यायची. दुसरा धोका ठेंगण्या बंधाऱ्यांचा. वरून पाणी अगदी शांत दिसतं, पण बंधाऱ्याखाली ते गोल फिरत राहतं आणि पडलेल्याला बाहेर येऊ देत नाही. बंधारा असेल त्या मार्गाला मुलांना घेऊन जाऊच नये.

चौथा प्रश्न, वारा कुठला आहे? समुद्राजवळच्या बायूवर भरतीपेक्षा वाऱ्याचं राज्य जास्त. गॅल्व्हेस्टन उपसागरात भरतीचं पाणी जेमतेम फूटभर चढतं. पण थंडीत उत्तरेचा वारा सुटला की पाणीच उपसागरातून बाहेर ढकललं जातं आणि बायूत चिखल उघडा पडतो. जिथून निघायचं तिथेच परतायचं असेल तर सोपा नियम आहे. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावं. म्हणजे येताना, दमलेलं असताना, वारा पाठीवर असतो.

तीन पाण्यांची ओळख

पहिलं, नवशिक्यांचं पाणी. आर्मंड बायू. नासाच्या जॉन्सन अंतराळ केंद्राच्या शेजारीच आहे. पूर्वी याला मिडल बायू म्हणत. आर्मंड इरामातेगी नावाच्या निसर्गप्रेमी गृहस्थांनी हा भाग वाचवण्यासाठी जिवाचं रान केलं. १९७० साली त्यांची हत्या झाली. पुढे त्यांचं नाव बायूला दिलं आणि आजूबाजूचं रान राखून ठेवलं. पाणी जवळजवळ स्थिर, म्हणून गेल्या वाटेनंच परत येता येतं. दोन गाड्यांची भानगड नाही. निळे बगळे, गुलाबी चमच्याचोच्या, खंड्या, ओंडक्यांवर ओळीनं बसलेली कासवं. मुलांना एका जागी इतकं बघायला मिळतं की ‘कधी पोचणार?’ हा प्रश्न निघत नाही.

मागच्या वर्षी सासूबाई तीन महिने आल्या होत्या. मी विचारलं, ‘आई, येता का होडीतून?’ त्या म्हणाल्या, ‘मी कसली येते बाई? पोहता कुठं येतंय मला! तुम्ही जा, मी डबे करून देते.’ पण काठापर्यंत आल्या. नातू म्हणाला, ‘आजी, माझ्या जाकिटापेक्षा तुझं जाकीट मोठं आहे, तू बुडणारच नाहीस.’ मग काय! माझा पंजाबी ड्रेस घालून पुढच्या बैठकीवर बसल्या. पहिली दहा मिनिटं दोन्ही हातांनी कडा घट्ट धरलेल्या. नंतर एक हात सुटला, तो पाण्यावरच्या जांभळ्या फुलांकडे बोट करायला. ‘अगं, ही तर आपली जलपर्णी!’ हो, तीच. इकडेही तिनं नाकात दम आणला आहे. परत आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘पुढच्या शनिवारी कुठे?’

आता सुसरीबद्दल सांगायलाच हवं. या पाण्यात ॲलिगेटर असतात. तीस फुटांच्या आत जायचं नाही, खाऊ घालायचा नाही. तो इथे कायद्यानं गुन्हाच आहे, कारण खाऊ मिळू लागला की त्यांना माणसांची भीती राहत नाही. हात-पाय पाण्यात सोडून बसू नये, आणि लहान कुत्रं बरोबर नेऊ नये. एवढं पाळलं तर ते आपले त्यांच्या जागी, आपण आपल्या.

दुसरं, गावातलं पाणी. बफेलो बायू. हायवे सहापासून शहराच्या मध्यापर्यंत २६ मैलांचा, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटरचा आखलेला मार्ग आहे. सगळा करायचा नाही, त्यातला एक तुकडा निवडायचा. इथे प्रवाह एका दिशेचा, म्हणून दोन गाड्या लागतात. एक उतरायच्या जागी आधी ठेवून यायची. शेजारच्या कुटुंबाबरोबर गेलात तर ही अडचण राहत नाही आणि डबेही वाटून करता येतात. दोन्ही बाजूंना उंच झाडं, पलीकडे लाखो माणसांचं शहर, आणि मध्ये आपण. वॉ ड्राइव्हच्या पुलाखाली वटवाघळांची मोठी वस्ती आहे. संध्याकाळी ती हजारोंनी बाहेर पडतात. आम्ही मात्र ते काठावरून पाहतो, कारण अंधारात मुलांना घेऊन पाण्यावर राहायचं नाही हा घरचा नियम. आणि शहराच्या पुढे, जिथे हाच बायू मोठ्या जहाजांचा कालवा होतो, तिथे छोट्या होडीचं काम नाही.

तिसरं, जरा लांबचं पाणी. व्हिलेज क्रीक. पूर्वेला ब्यूमाँटकडे, ‘बिग थिकेट’ नावाच्या दाट रानातून जातं. दीड-दोन तासांचा प्रवास. पाणी झाडपाल्याच्या अर्कानं कोऱ्या चहासारखं, पण वळणावळणावर पांढऱ्या वाळूची बेटं. मार्ग २१ मैलांचा आहे. मुलांबरोबर त्याचा छोटा भाग पुरे. वाळूवर बसून धपाटे आणि दही खाताना मला कृष्णेच्या वाळवंटाची आठवण येते. पावसानंतर मात्र हे पाणी झपाट्यानं चढतं आणि वाळू दिसेनाशी होते. आकडा बघूनच निघावं.

ऋतूचं म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल उत्तम. जून ते सप्टेंबर इथे पस्तीस अंशांचा उकाडा आणि वर दमट हवा. तेव्हा जायचंच तर सकाळी सातला पाण्यावर आणि दहाला घरी. ढगाचा गडगडाट ऐकू आला की काठाला लागायचं, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबायचं. ‘अजून लांब आहे’ असं कुणी म्हणालं तरी ऐकायचं नाही. हे मी आमच्या ह्यांनाही ठणकावून सांगितलं आहे.

हे पाणी आपल्यासाठी कुणी राखलं?

बफेलो बायूचे हिरवे काठ बघून आपल्याला वाटतं, हे असंच असणार. तसं नाही. व्हाइट ओक आणि ब्रेज या बायूंचे मोठे भाग पूर टाळण्यासाठी सरळ करून काँक्रीटनं बांधून काढले आहेत. मोठ्या गटारासारखे दिसतात. बफेलो बायूचंही तेच ठरलं होतं. १९६६ साली टेरी हर्शी नावाच्या बाईंना आपल्या भागात बायूकाठची झाडं तोडली जात आहेत असं कळलं. त्या काही इंजिनीअर नव्हत्या. पण त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन उभ्या राहिल्या, बायू राखण्यासाठी संघटना उभी केली, आणि नव्यानं निवडून आलेले काँग्रेसमन जॉर्ज बुश, पुढे अध्यक्ष झाले ते थोरले बुश, यांना गाठलं. बुश यांनी वॉशिंग्टनला त्या कामाचे पैसे थांबवले. बायू वाचला. टेरीबाई २०१७ च्या जानेवारीत, चौऱ्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. बायूकाठच्या एका मोठ्या बागेला त्यांचं नाव आहे.

काही लोक म्हणतात, काँक्रीट केलं असतं तर घरं बुडाली नसती. पण काँक्रीट केलेल्या ब्रेज बायूकाठची घरंही २०१७ मध्ये बुडालीच. हे मी मराठी शाळेतल्या मुलांना सांगते, तेव्हा एखादी मुलगी विचारते, ‘म्हणजे एका आईनं नदी वाचवली?’ एकटीनं नाही, पण सुरुवात एकीनं केली, असं मी सांगते.

अंगावर काय, डब्यात काय

सगळ्यांत आधी जाकीट. लहानपणी कृष्णेत आम्ही पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. इथे तरंगतं जाकीट असतं. टेक्सासच्या कायद्यानं होडीत प्रत्येक माणसामागे एक जाकीट हवंच, आणि तेरा वर्षांखालच्या मुलांनी ते अंगात घातलेलंच हवं. आमच्या घरचा कायदा आणखी कडक आहे. सगळ्यांनी घालायचं, पोहता येणाऱ्यांनीही. पायांशी ठेवलेलं जाकीट म्हणजे कपाटात ठेवलेली छत्री. खांद्याला धरून वर ओढून पाहा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे.

कपडे लवकर वाळणारे. सुती साडी, जीन्स नको. भिजली की जड होतात. चपला नकोत, जुने बूट बरे. केसांचा अंबाडा घालावा, ओढणी घरी ठेवावी, लांब मंगळसूत्रही घरीच ठेवून गळ्यात छोटं काहीतरी घालावं. फांदीत अडकणारी कुठलीच वस्तू अंगावर नको. चष्म्याला दोरी, आणि प्रत्येक मुलाच्या जाकिटाला शिट्टी. शिट्टी खेळायला नाही, हे निघताना एकदा आणि पोचल्यावर एकदा सांगायचं. गाडीची किल्ली आणि फोन दुहेरी पिशवीत, पिशवी होडीला बांधलेली. आपण कुठून निघालो आणि किती वाजता परत येणार, हे घरी किंवा शेजारी कुणाला तरी सांगून ठेवावं.

खायला कोरडं आणि एका हातानं खाता येईल असं हवं. माझ्या यादीत तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, गूळपोळी आणि सांगलीचा भडंग असतो. भडंगात शेंगदाणे जास्त घालावेत, पोटभर होतो. केळी नकोत, चेंगरतात. संत्री न्यावीत. पाणी दर माणशी दोन लिटर. त्यातली एक बाटली आदल्या रात्री अर्धी भरून गोठवून ठेवली तर दुपारपर्यंत गार पाणी मिळतं आणि तिच्याशेजारी ठेवलेलं दहीही आंबत नाही. एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी. आपला कचरा तर आणायचाच, पण प्रत्येकानं पाण्यातल्या दोन बाटल्याही उचलून आणायच्या, असं मुलांनीच ठरवलं आहे.

पहिल्याच खेपेला होडी विकत घेऊ नका. भाड्यानं घ्या, दोन तास वल्हवा. दुसऱ्या दिवशी खांदे दुखले तरी पुन्हा जावंसं वाटलं, तर खरेदीचा विचार करा.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, आमच्याकडे कुठला बायू आणि कुठली कयाक! नसू दे. तुमच्या गावाजवळ नदी असेल, तळं असेल, खाडी असेल, धरणाचं पाणी असेल. वरचे चार प्रश्न तिथेही तेच आहेत. उत्तरं विचारायची कुणाला, एवढाच फरक. फोनवर मिळाली तर फोनवर बघा. नाहीतर काठावरच्या नावाड्याला विचारा, मासे धरणाऱ्याला विचारा, घाटावर रोज धुणं धुणाऱ्या बाईला विचारा. कुठे खोल आहे, कधी सोडतात, गेल्या वर्षी कोण कुठे बुडालं, हे तिला ठाऊक असतं. ती ‘आज नको’ म्हणाली तर तिचं ऐका आणि डबा काठावर बसून खा. पाणी पुढच्या शनिवारीही तिथेच असतं.